सम्राटाची मोहोर आणि मंत्र्याची सही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानच्या आधुनिकीकरणावर आलेला लेख वाचला. हा विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून लेखाचे स्वागत. पण त्याचा सगळा डोलारा एकाच वाक्यावर उभा आहे: दूरदर्शी सम्राट मेइजींनी ठरवले आणि जपान बदलला. रेल्वे त्यांनी आणली, शाळा त्यांनी काढल्या, सरंजामशाही त्यांनी मोडली, राज्यघटना त्यांनी दिली. जिथे दहा-पंधरा माणसांची नावे यायला हवीत तिथे दर वेळी एकच नाव. याच्या अगदी उलट मतही अधूनमधून छापून येते, की सम्राट म्हणजे सात्सुमा आणि चोशू या दोन संस्थानांच्या पुढाऱ्यांच्या हातचे कळसूत्री बाहुले. सम्राटाने रोजच्या कारभारात नेमके काय केले, हे या दोन्ही बाजूंचे लोक तपासत नाहीत. ते तपासण्यासाठी हे पत्र. लांबले आहे, पण विषय तपशिलाशिवाय कळण्यासारखा नाही.

आधी वयाचा हिशेब. मुत्सुहितो, म्हणजेच पुढचे सम्राट मेइजी, यांचा जन्म क्योटोत ३ नोव्हेंबर १८५२ रोजी झाला. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये कमोडोर पेरीची चार अमेरिकी जहाजे उरागासमोर येऊन उभी राहिली. पाश्चात्त्य देशांशी झालेल्या १८५८च्या तहांनी जपानचे हात बांधले: ठरावीक बंदरे खुली करायची, परदेशी माणसाने जपानात गुन्हा केला तर खटला त्याच्याच वकिलातीत चालायचा आणि आयातीवर किती जकात लावायची हे जपानने एकट्याने ठरवायचे नाही. १८६६पासून ही जकात बहुतेक मालावर जेमतेम ५ टक्के होती. वडील, सम्राट कोमेइ, जानेवारी १८६७मध्ये देवीच्या आजाराने वारले आणि चौदा वर्षांचा मुलगा गादीवर आला. ३ जानेवारी १८६८ला क्योटोच्या राजवाड्यातून ‘सत्ता पुन्हा सम्राटाकडे’ अशी घोषणा झाली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. ती घोषणा घडवून आणली दरबारी सरदार इवाकुरा तोमोमी, सात्सुमाचे ओकुबो तोशिमिची आणि साइगो ताकामोरी यांनी. चोशूचे किदो ताकायोशी त्यांच्या जोडीला होते. चोशूकडच्या पत्रव्यवहारात सम्राटासाठी ‘रत्न’ असा सांकेतिक शब्द येतो आणि रत्न आपल्या हाती राहिले पाहिजे, दुसऱ्याच्या हाती गेले तर सगळे संपले, अशा अर्थाची भाषा येते. त्या वेळी योजना आखणारे सम्राट नव्हते, हे एवढ्यावरूनच स्पष्ट व्हावे.

मग या मुलाचे एवढे महत्त्व का? शोगुनला, म्हणजे प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या लष्करी प्रमुखाला, पदाची वस्त्रे क्योटोहून मिळत, जशी पेशव्यांना साताऱ्याहून. अडीचशे वर्षे सत्ता एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, होती, पण ती ‘दिलेली’ होती आणि देणारा क्योटोत बसला होता. जानेवारी १८६८च्या तोबा-फुशिमीच्या लढाईत या गोष्टीची किंमत दिसली. शोगुनकडे माणसे जास्त होती. पण सात्सुमा-चोशूच्या बाजूने लाल जरीच्या कापडावर सूर्य-चंद्र काढलेले शाही निशाण उभारले. कापड ओकुबोंनी आधीच गुपचूप मिळवून ठेवले होते आणि निशाण तयार करण्याचे काम चोशूत झाले होते. ते दिसताच शोगुनशी लढणारे बंडखोर ठरायचे सोडून शोगुनचेच लोक ‘दरबाराचे शत्रू’ ठरले. माघार घेणाऱ्या शोगुनच्या फौजेला योदोच्या किल्ल्याने दार उघडले नाही आणि त्सू संस्थानच्या तुकडीने आपल्याच बाजूवर तोफा डागल्या. सम्राट स्वतः रणांगणात नव्हते. त्यांच्या नावाचे काही हात कापड होते.

पुढची चव्वेचाळीस वर्षे जे झाले त्याचे मूळ इथे आहे. सुधारणा कोणाच्या डोक्यातून आली हा एक प्रश्न आणि ती लोकांनी, विशेषतः शस्त्रधारी लोकांनी, का मानली हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरात सम्राटाचे नाव फारसे येत नाही. दुसऱ्याच्या उत्तरात ते जवळजवळ दर वेळी येते.

लेखात ‘पाच कलमांची शपथ’ सम्राटाचे विचारधन म्हणून आली आहे. ६ एप्रिल १८६८ची ही शपथ. पहिला मसुदा एचिझेन संस्थानच्या युरी किमिमासांचा, तोही सरकारला व्यापाऱ्यांकडून पैसा उभा करायचा होता त्या धांदलीतला. तोसा संस्थानच्या फुकुओका ताकाचिकांनी त्यात फेरफार केले. त्यांच्या डोळ्यांसमोर सम्राट आणि दाइम्यो, म्हणजे प्रांतिक सरंजामदार, यांच्यातला करार होता. किदोंना ते मानवले नाही. करार म्हटला की दोन्ही बाजू बरोबरीच्या होतात. म्हणून त्यांनी विधीच बदलला: सम्राट देवांपुढे शपथ घेतील आणि सरदार-दाइम्यो तिला बांधील राहण्याच्या कागदावर सही करतील. त्या दिवशी शपथ वाचली सांजो सानेतोमी यांनी. सम्राट बसून होते. हजर असलेल्यांनी एकेक करून सही केली, बाकीच्यांनी नंतर येऊन, आणि सह्यांचा आकडा सातशेच्या वर गेला. ‘जगभरातून ज्ञान मिळवावे आणि सम्राटाच्या राज्याचा पाया भक्कम करावा’ हे पाचवे कलम सगळे उद्धृत करतात. वाक्याचा दुसरा अर्धा भाग बहुधा गाळला जातो, आपल्या लेखातही गाळला आहे. मसुदा करणाऱ्यांच्या दृष्टीने तोच अर्धा महत्त्वाचा होता.

सरंजामशाही मोडण्याची हकीकत तर लेखात एका ओळीत उरकली आहे, आणि सगळ्या मेइजी काळातले सर्वांत जोखमीचे काम तेच. १८६९मध्ये सात्सुमा, चोशू, तोसा आणि हिझेनच्या दाइम्योंनी आपल्या जमिनीची आणि रयतेची दप्तरे सम्राटाला ‘परत’ केली. परत हा शब्द मुद्दाम निवडलेला. जे मुळात सम्राटाचेच होते ते परत करण्यात मानहानी नाही. बाकीच्यांनीही तसेच केले आणि त्याच संस्थानांचे ‘राज्यपाल’ म्हणून कायम राहिले. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८७१ला, टोकियोत असलेल्या या राज्यपालांना राजवाड्यात बोलावून फर्मान ऐकवले गेले: संस्थाने बरखास्त, त्यांच्या जागी केंद्राचे जिल्हे. सुमारे २६० संस्थाने एका दुपारी संपली. कोणीही तलवार उपसली नाही.

हे साधले ते तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. सात्सुमा, चोशू आणि तोसाने दिलेले जवळपास १०,००० सैनिक आधीच टोकियोत आणून ठेवले होते. दाइम्योंना संस्थानाच्या उत्पन्नाचा दहावा भाग घरखर्चासाठी कायम मिळणार होता आणि पदरच्या सामुराईंना पोसण्याची जबाबदारी सुटणार होती. आणि कर्ज: बहुतेक संस्थाने सावकारांच्या विळख्यात होती, ते कर्ज केंद्राने अंगावर घेतले. १८४३पर्यंतची देणी रद्द, १८४४ ते १८६७ची बिनव्याजी पन्नास वर्षांत, १८६८नंतरची ४ टक्के व्याजाने पंचवीस वर्षांत. मार बसला तो ओसाका-टोकियोच्या सावकारांना. सैन्य आणि पैसा यांच्या जोरावर हे कदाचित रेटता आले असते. पण चोशूच्या एका सामुराईने आपल्या धन्याला पदच्युत करावे हे त्या समाजाच्या पचनी पडणारे नव्हते. सम्राटाने केले तर ते राजाज्ञेचे पालन ठरत होते. किदो आणि ओकुबो यांना आपल्या मूळ धन्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागला नाही, तो याच एका आडोशामुळे.

घाईत चुकाही झाल्या. संस्थानांच्या जागी आधी ३ शहरे आणि ३०२ जिल्हे झाले. एकाच संस्थानाचे तुकडे चार ठिकाणी विखुरलेले, त्यामुळे जिल्ह्यांच्या हद्दी जुळेनात. वर्षअखेर ते ७२वर आणले. आजचे सत्तेचाळीस विभाग बसायला १८८८ उजाडले.

संस्थाने मोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत तीन मोठे हुकूम निघाले. तिन्ही सम्राटाच्या नावाने, आणि तिन्ही अमलात येताना अंगाशी आले. या तिन्हीत लेखकाला केवळ दूरदृष्टी दिसली आहे, म्हणून जरा थांबतो.

शिक्षणाचा हुकूम सप्टेंबर १८७२चा. गावात निरक्षर घर नको आणि घरात निरक्षर माणूस नको, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटले होते. आराखडा फ्रेंच धर्तीचा: ८ विद्यापीठ-विभाग, त्यांत २५६ माध्यमिक शाळा आणि ५३,७६० प्राथमिक शाळा, म्हणजे दर ६०० माणसांमागे एक. पैसा मात्र गावाने उभा करायचा, आणि वर फी दरमहा ५० सेन, म्हणजे अर्धा येन. शेतात हात कमी, त्यात फी. लोकांनी मुले पाठवली नाहीत, मुली तर नाहीतच, आणि काही ठिकाणी शाळाच जाळल्या. शाळा भरल्या त्या हुकमाने नव्हे. १९००मध्ये सक्तीच्या वर्षांची फी रद्द झाली तेव्हा शेवटची अडचण दूर झाली.

लष्करभरतीचा हुकूम जानेवारी १८७३चा, यामागे यामागाता आरितोमो. वीस वर्षांच्या तरुणाने तीन वर्षे नोकरी करायची. आधीच्या जाहीरनाम्यात पाश्चात्त्यांच्या भाषेतला ‘रक्ताचा कर’ हा शब्द तसाच्या तसा आला, आणि सरकार खरोखरच रक्त काढून परदेश्यांना विकणार अशी आवई उठली. मिमासाका भागात मे १८७३मध्ये मोठा दंगा झाला. सूट मात्र भरपूर होती: घरचा कर्ता, वारस, एकुलता मुलगा, सरकारी नोकर आणि २७० येन रोख भरणारा कोणीही. मग धाकट्या मुलांना निपुत्रिक घरी दत्तक देण्याचा धंदाच सुरू झाला, कारण दत्तक गेलेला मुलगा त्या घरचा वारस ठरे. या पळवाटा पुरत्या बुजायला १८८९ उजाडावे लागले.

तिसरा, जुलै १८७३चा शेतसारा. आधी पिकाचा वाटा तांदळात घेत. आता प्रत्येक शेताची किंमत ठरवून मालकाला पट्टा दिला आणि किमतीच्या ३ टक्के सारा रोखीत मागितला. सरकारला अंदाजपत्रक बांधता येऊ लागले, कारण पीक बुडाले तरी रक्कम तीच. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हीच गोष्ट जीवघेणी, कारण तांदळाचा भाव पडला तरी रक्कम तीच. भाव पडलेच. १८७६च्या अखेरीस इबाराकी आणि मिए भागांत उठाव झाले आणि जानेवारी १८७७मध्ये सारा अडीच टक्क्यांवर आला. तो कमी केल्याची घोषणाही सम्राटाच्या नावाने झाली. लादण्याचे काम अधिकाऱ्यांच्या तोंडून आणि सवलत सम्राटाच्या तोंडून, ही विभागणी पुढे अनेकदा दिसते. रेल्वे, तारायंत्रे, गोद्या यांचा पैसा मुख्यतः या सारा भरणाऱ्यांचा होता, हे लेखात एकदाही आलेले नाही.

पंचांगाचा बदल लेखात ‘आधुनिक विचारांचे प्रतीक’ म्हणून आला आहे. घोषणा ९ डिसेंबर १८७२ची, अंमल १ जानेवारी १८७३पासून. लोकांना तेवीस दिवस मिळाले. एवढी घाई का? जुन्या पंचांगाने पुढच्या वर्षी अधिक मास येत होता आणि सरकारी पगार नुकतेच मासिक झाले होते. नवे पंचांग लावल्यावर तेरावा पगार टळला. शिवाय चालू वर्षाचा बारावा महिना दोनच दिवसांचा उरला, तोही बिनपगारी. दोन महिन्यांचे पगार वाचले. खजिना रिकामा असला की अर्थखात्याला अशी पंचांगे सुचतात.

सम्राटाने स्वतःच्या देहाने काय केले, हे मात्र खरोखर त्यांचेच योगदान आहे आणि लेखात ते निसटले. जानेवारी १८७२मध्ये त्यांच्या ताटात गोमांस आले. त्याच वर्षीच्या पश्चिमेकडच्या दौऱ्यात त्यांनी पाश्चात्त्य बेताचा गणवेश घातला. मार्च १८७३मध्ये शेंडीवजा केसांची गाठ कापली. शेकडो वर्षे क्योटोच्या सम्राटाला रयतेने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. १८७२ ते १८८५ या काळात त्याच सम्राटाने सहा मोठे दौरे केले, क्यूशूपासून होक्काइदोपर्यंत, आणि त्यांत जिल्हा कचेऱ्या, न्यायालये, छावण्या, शाळा, गिरण्या पाहिल्या. सम्राट येणार म्हटल्यावर रस्ता दुरुस्त होई, पूल बांधला जाई. ज्या शाळेला गाव नाके मुरडत होते त्या शाळेत सम्राट बसून धडा ऐकून गेले, की शाळेविरुद्ध बोलणे अवघड होई. सम्राज्ञी हारुको १८७३मध्ये तोमिओकाच्या रेशीम गिरणीत गेल्या त्याचाही परिणाम असाच झाला. तिथले फ्रेंच तंत्रज्ञ लाल दारू पितात ती रक्त आहे, अशा अफवेने सुरुवातीला मुली कामावर यायला तयार नव्हत्या.

शिंबाशी ते योकोहामा ही २९ किलोमीटरची पहिली रेल्वे १४ ऑक्टोबर १८७२ रोजी सम्राटांनी सुरू केली, दोन्ही टोकांना भाषण केले, गाडीत बसून गेले आणि आले. नेहमीच्या प्रवाशाला त्या अंतरासाठी ५३ मिनिटे लागत. ती बांधली इंग्रज अभियंत्यांनी, पैसा आला लंडनमध्ये उभारलेल्या १० लाख पौंडांच्या कर्जातून, व्याज ९ टक्के. तिच्यासाठी आतून भांडले ते ओकुमा शिगेनोबू आणि इतो हिरोबुमी. लष्करी मंडळी विरोधात होती, हा पैसा त्यांना तोफांसाठी हवा होता. परदेशी माणसे किती महाग पडत याचा एक नमुना: ओसाकाच्या टांकसाळीचे प्रमुख थॉमस किंडर यांचा पगार दरमहा १,०४५ येन होता आणि सरकारचे प्रमुख सांजो यांचा ८०० येन. म्हणूनच प्रत्येक खात्याने परदेशी तज्ज्ञाच्या हाताखाली जपानी माणूस तयार केला आणि करार संपला की तज्ज्ञाला निरोप दिला.

आता सम्राटांच्या स्वतःच्या निर्णयांकडे येतो. असे प्रसंग मोजकेच आहेत, पण आहेत, आणि ‘बाहुले’ म्हणणाऱ्यांना ते अडचणीचे ठरतात.

ऑक्टोबर १८७३. कोरियाला साइगोंना दूत म्हणून पाठवायचे, त्यांचा अपमान झाला की युद्धाला निमित्त मिळेल, असे मंत्रिमंडळात ठरले होते. सांजो ताणाने आजारी पडले आणि हंगामी प्रमुख झालेल्या इवाकुरांनी बहुमताचा निर्णय कळवताना स्वतःचे विरुद्ध मतही सम्राटापुढे ठेवले. सम्राटांनी इवाकुरांचे मत उचलले. वय वीस. साइगोंसह पाच मंत्री बाहेर पडले. इवाकुरांनी ही वाट आखून दिली होती हे खरे, पण निर्णय फिरवण्याची ताकद त्या एका होकारात होती, म्हणूनच तर ती वाट तिथून काढली.

जून १८८०. साइगोंच्या १८७७च्या बंडाचा बीमोड करायला सुमारे ४ कोटी २० लाख येन लागले होते. कागदी नोटा छापून ते भागवले, त्यामुळे महागाई भडकली. अर्थव्यवहार पाहणाऱ्या ओकुमांनी तोडगा काढला: लंडनमध्ये ५ कोटी येनांचे कर्ज काढायचे आणि चांदी आणून नोटा मागे घ्यायच्या. मंत्री दुभंगले. प्रत्येकाचे मत पाहून सम्राटांनी कर्ज नाकारले आणि काटकसरीचा हुकूम दिला. आदल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट टोकियोत भेटले होते; परकीय कर्जात बुडालेला देश स्वातंत्र्य गमावतो, हा त्यांचा इशारा सम्राटांच्या मनात बसला होता. या नकाराने मात्सुकाता मासायोशी यांच्या कठोर धोरणाला वाट मिळाली: नोटा आटवल्या, १८८२मध्ये बँक ऑफ जपान काढली, १८८५पासून चांदीत बदलून मिळणाऱ्या नोटा आल्या. भाव कोसळले, रोख सारा तोच राहिला आणि हजारो लहान शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे गेल्या. जपानने पाव शतक जवळपास परकीय कर्जाशिवाय काढले याचे श्रेय सम्राटांना देणार असाल, तर त्या जमिनींचा हिशेबही त्याच पानावर मांडावा लागेल.

फेब्रुवारी १८९३. संसदेने युद्धनौकांचा खर्च कापला, इतो मंत्रिमंडळ अडकले. सम्राटांनी फर्मान काढले: राजवाड्याच्या खर्चातून सहा वर्षे दरसाल ३ लाख येन देतो, अधिकाऱ्यांनीही सहा वर्षे पगाराचा दहावा भाग द्यावा. राजवाड्याला वर्षाला ३० लाख येन मिळत, म्हणजे त्यांनीही दहावाच भाग सोडला. सम्राट पदरमोड करताहेत म्हटल्यावर संसदेला ताणून धरता आले नाही. नौका झाल्या. पण निवडून आलेल्या सभागृहाचे पैशावरचे एकमेव हत्यार कसे बोथट करायचे, तेही सर्वांना कळले.

राज्यघटनेचे म्हणाल तर मसुदा इतोंचा, त्यांच्या जोडीला इनोउए कोवाशी, इतो मियोजी, कानेको केंतारो आणि जर्मन सल्लागार. सम्राट काय करत होते? जून १८८८पासून प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे सम्राटाच्या सल्लागार मंडळात, कलमवार चर्चा चालली आणि ते तिथे येऊन बसत. मध्ये बोलत नसत, न कळलेले नंतर विचारत. नोव्हेंबरमध्ये बैठक चालू असतानाच त्यांचा वर्षाचा मुलगा गेल्याची बातमी आली. इतोंनी बैठक थांबवू का असे विचारले. चालू कलम पुरे होईपर्यंत सम्राट उठले नाहीत. या माणसाला ‘बाहुले’ म्हणणे मला जमत नाही.

११ फेब्रुवारी १८८९ला जाहीर झालेल्या त्या घटनेचा मूळ कागद बघण्यासारखा आहे. प्रस्तावनेच्या शेवटी सम्राटाच्या हातची ‘मुत्सुहितो’ ही सही, तिच्याखाली मोहोर, आणि पुढे पंतप्रधान कुरोदा कियोताकांसह दहा जणांच्या सह्या. त्यांत शिक्षणमंत्री मोरी आरिनोरींचीही सही आहे. त्याच सकाळी घरातून निघताना त्यांच्यावर सुऱ्याने हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. मोहोर आणि सह्यांची ही जोडणी शोभेची नाही. कलम ३ म्हणते सम्राट पवित्र आणि अनुल्लंघनीय. कलम ५५ म्हणते की राज्यकारभाराच्या प्रत्येक कायद्यावर, आदेशावर, फर्मानावर मंत्र्याची सही हवी. म्हणजे मान सम्राटाचा आणि जबाबदारी मंत्र्याची. हुकूम फसला तर मंत्री जाईल, गादीला धक्का लागणार नाही. शेतसारा आणि भरतीच्या वेळी जे व्यवहारात चालले होते तेच इथे कलमात बसवले. मतदार म्हणाल तर पंचवीस वर्षांवरचे, १५ येन प्रत्यक्ष कर भरणारे पुरुष, जेमतेम साडेचार लाख, लोकसंख्येच्या सव्वा टक्क्याहून कमी.

पण या जोडणीबाहेर काही कागद राहिले आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा भाग तो आहे. सैनिकांना उद्देशून जानेवारी १८८२मध्ये दिलेले फर्मान सम्राटांनी लष्करमंत्र्याच्या हाती थेट सोपवले. त्यावर मंत्र्याची सही नाही. ३० ऑक्टोबर १८९०चे शिक्षणविषयक फर्मान, अवघी ३१५ अक्षरे, त्यावरही मंत्र्याची सही नाही. ती विसरलेली नाही. हा राजकीय आदेश नसून सम्राटाचे स्वतःचे वचन आहे, असे दिसावे म्हणून मुद्दाम वगळलेली. जिथे सही नाही तिथे जबाबदार कोणी नाही आणि वादाला जागा नाही. शाळाशाळांतून ते फर्मान सम्राटाच्या तसबिरीसमोर वाचले जाई. ती तसबीर, जी आपल्या लेखासोबत ‘सम्राटांचे छायाचित्र’ म्हणून छापली आहे, ती छायाचित्र नव्हे. सम्राट कॅमेऱ्यासमोर बसायला तयार नसत. १८८८मध्ये नोटछपाई खात्यात काम करणारे इटालियन कलावंत एदोआर्दो किओसोने यांनी एका मेजवानीच्या वेळी आडोशाला बसून त्यांची रेखाटने केली, त्यावरून चित्र तयार केले, आणि त्या चित्राचा फोटो काढून प्रती वाटल्या. कृपया ओळ दुरुस्त करावी.

तिसरी जागा कलम ११: सेना आणि नौदलाचे सर्वोच्च नेतृत्व सम्राटाकडे. सेनाप्रमुख मंत्रिमंडळाला वळसा घालून थेट सम्राटाकडे जाऊ शकत. १९००मध्ये यामागाता यांनी भर घातली की लष्कर आणि नौदलमंत्री सेवेत असलेला सेनाधिकारीच असला पाहिजे. म्हणजे लष्कराने माणूस द्यायचे नाकारले की मंत्रिमंडळच उभे राहू शकत नाही. मेइजी असेपर्यंत हे यंत्र चालले, कारण दोन्ही बाजूंना ओळखणारा, इतो आणि यामागाता दोघांनाही समोर बसवून ऐकणारा, चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस गादीवर होता. घटनेत त्या माणसाची जागा कुठेही लिहिलेली नव्हती.

३० जुलै १९१२ला ते गेले. डिसेंबरमध्ये दोन नव्या डिव्हिजनांचा खर्च मंजूर झाला नाही म्हणून लष्करमंत्री उएहारा युसाकू यांनी थेट नव्या सम्राटाकडे राजीनामा दिला, लष्कराने बदली माणूस दिला नाही, आणि साइओंजी मंत्रिमंडळ कोसळले. त्यानंतर आलेले पंतप्रधान कात्सुरा तारो अडचण आली की सम्राटाकडून फर्मान आणत, थेट संसदेतला अविश्वास ठराव मागे घ्यायला सांगण्यापर्यंत. ५ फेब्रुवारी १९१३ला ओझाकी युकिओ सभागृहात उभे राहिले आणि कात्सुरांकडे बोट दाखवून म्हणाले, की ही माणसे सिंहासनाचा तट करतात आणि फर्मानांच्या गोळ्या करून विरोधकांवर झाडतात. सहा दिवसांनी कात्सुरांनी राजीनामा दिला. तारीख होती ११ फेब्रुवारी, घटना जाहीर झाली तीच.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
जपानी इतिहासाचा एक अभ्यासक